राष्ट्रपतींची सही आणि पाणीवाली बाई

गोरेगावात पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या उड्डाणपुलाला मृणाल गोरे यांचं नाव आहे. पुलावरून रोज ये-जा करणाऱ्यांपैकी निदान जुन्या मंडळींना ‘पाणीवाली बाई’ आठवते. नळाला पाणी नाही म्हणून महापालिकेवर गेलेले हंडे, महागाईविरुद्ध अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते यांच्यासोबत काढलेले लाटणं मोर्चे, असं बरंच काही. याच बाईंना देशाच्या सुरक्षेच्या नावाखाली, विनाचौकशी, कोठडीत टाकलं होतं. त्या कोठडीच्या कुलपाची किल्ली गोरेगावच्या पोलिस ठाण्यात नव्हती, अकोल्याच्या जेलरकडेही नव्हती. दिल्लीत राष्ट्रपतींनी सह्या केलेल्या दोन कागदांत ती होती. पहिला कागद सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्याची चर्चा फारशी होत नाही, आणि खरी गोम त्या दुसऱ्यात आहे.

आपल्या घटनेत राष्ट्रपती हे तिन्ही सैन्यदलांचे सरसेनापती. कलम ५३ तसं सांगतं, आणि तिथेच पुढे हा अधिकार कायद्याने नियंत्रित असेल असंही सांगतं. सैन्य कुठे पाठवायचं हे पंतप्रधान आणि मंत्रिमंडळ ठरवतं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्या युद्धाधिकारावरचं भांडण बहुतेकदा सैन्य पाठवण्यावरून होतं. कोरियाच्या युद्धात ट्रूमन यांनी पोलाद कारखाने ताब्यात घेतले तेव्हा १९५२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अडवलं. व्हिएतनामनंतर १९७३ मध्ये निक्सन यांचा नकाराधिकार डावलून तिथल्या काँग्रेसने युद्धाधिकारांवर कायदा केला. आपल्याकडे १९६२, १९६५ किंवा १९७१ साली फौजा का पाठवल्या, म्हणून कुणी कोर्टाची पायरी चढलं नाही. आपलं भांडण युद्धाच्या निमित्ताने राष्ट्रपतींच्या हाती आलेल्या दुसऱ्या शस्त्राशी झालं. ते शस्त्र सीमेवर कधी चाललं नाही. ते चाललं मुंबईत, नागपुरात, जबलपुरात, आपल्याच माणसांवर.

हे शस्त्र म्हणजे कलम ३५२ आणि कलम ३५९. पहिल्याने राष्ट्रपती आणीबाणी जाहीर करतात. दुसऱ्याने, आणीबाणी चालू असेपर्यंत अमुक मूलभूत हक्कांसाठी कोर्टात जाता येणार नाही, असा आदेश काढतात. ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीत ही तरतूद मंजूर झाली तेव्हा हरि विष्णु कामत कडाडले होते. जर्मनीच्या वायमार घटनेतल्या अशाच एका कलमातून पुढे काय निघालं, याची आठवण त्यांनी करून दिली, आणि आजचा दिवस लाजेचा आहे असं बजावलं. डॉ. आंबेडकरांचं म्हणणं, संकटात राज्यच टिकलं नाही तर हक्क कुणाकडे मागणार? दोघांचंही ऐकल्यावर आंबेडकरांचा मुद्दा चुकीचा म्हणवत नाही. पण कामतांची भीती फोल नव्हती, एवढं पुढच्या तीस वर्षांनी दाखवलं.

पहिली वेळ आली ती चीनच्या आक्रमणाने. २६ ऑक्टोबर १९६२ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी आणीबाणी जाहीर केली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं म्हणत महाराष्ट्राने यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला पाठवलं. ३ नोव्हेंबरला कलम ३५९ खालचा आदेश निघाला. त्यात एक शेपटी होती. भारत संरक्षण वटहुकूम किंवा त्याखालचे नियम यांनुसार ज्याचे हक्क काढून घेतले गेले असतील, त्यालाच कोर्टाचा दरवाजा बंद, असं त्यात म्हटलं होतं. सही करणाऱ्याला किंवा मसुदा लिहिणाऱ्याला तेव्हा तिचं महत्त्व कितपत वाटलं असेल, कोण जाणे. न्यायालयांनी मात्र ती घट्ट धरली.

१९६३ मध्ये माखनसिंग तर्सिक्का प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल न्या. प्र. बा. गजेंद्रगडकरांनी लिहिला. मूळचे साताऱ्याचे, मुंबईच्या कामगार खटल्यांत तयार झालेले न्यायमूर्ती. त्यांनी सरकारचं बरंचसं म्हणणं मान्य केलं, आणीबाणीत हक्कांच्या नावाने येऊ नका असं सांगितलं. पण दरवाजा पुरता लावला नाही. अटक कायद्यात बसतच नसेल किंवा आकसाने झाली असेल, तर ते तपासायचा कोर्टाचा अधिकार त्यांनी राखून ठेवला.

त्या उघड्या फटीतून बाहेर पडलं ते एक मराठी पुस्तक. कम्युनिस्ट पुढारी प्रभाकर संझगिरी भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध होते. तुरुंगात बसून त्यांनी सरकारच्याच परवानगीने अणूच्या अंतरंगाविषयी एक पुस्तक लिहिलं. सप्टेंबर १९६४ मध्ये हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठवू द्या असा अर्ज केला. सरकारने विचार केला सहा महिने, आणि मार्च १९६५ च्या अखेरीस नकार कळवला. मग आर्थर रोडच्या अधीक्षकांकडे अर्ज, तिथेही नाही. संझगिरींनी मुंबई उच्च न्यायालय गाठलं आणि मागितलं एवढंच, की ही वही माझ्या बायकोच्या हाती द्या.

न्यायमूर्तींनी पुस्तकाची अनुक्रमणिका चाळली. सगळं विज्ञान. यातून देशाच्या संरक्षणाला बाधा यायची काही शक्यता त्यांना दिसेना. महाराष्ट्र सरकार तरी हटलं नाही, अपील घेऊन दिल्लीला गेलं. सरकारचा युक्तिवाद मासलेवाईक होता. स्थानबद्धाला काय काय करता येईल याची यादी नियमांत आहे, पुस्तक बाहेर पाठवणं त्या यादीत नाही, म्हणून तो त्याचा हक्क नाही. म्हणजे यादीत नसेल तर श्वासही घेऊ नये! न्या. सुब्बा राव यांनी हे उलटं केलं. स्थानबद्धतेने माणसाचं जेवढं स्वातंत्र्य कायद्याने काढून घेतलं तेवढंच जातं, उरलेलं त्याच्याकडेच राहतं. हस्तलिखित अडवायला नियमांत आधार नाही. मग राष्ट्रपतींच्या आदेशातल्या त्या शेपटीप्रमाणे हे हक्कहरण ‘नियमांखाली’ झालेलंच नाही आणि आदेश इथे आडवा येत नाही. निकालाची तारीख ६ सप्टेंबर १९६५. त्याच दिवशी आपल्या फौजा लाहोरच्या दिशेने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडत होत्या. युद्ध ऐन भरात असताना सर्वोच्च न्यायालय एका कैद्याची वही त्याच्या घरी पाठवत होतं, आणि त्याने देश काही बुडाला नाही.

युद्ध तीन आठवड्यांत थांबलं. चीनशी लढाई तर १९६२ च्या नोव्हेंबरातच थांबली होती. आणीबाणी मात्र उठली १० जानेवारी १९६८ ला. मृणालताई १९६१ साली महापालिकेत निवडून आल्या. उपनगरांच्या पाण्यासाठी त्यांनी जे झगडे केले त्यांतली पाच वर्षं सबंध देश कागदावर युद्धाच्या आणीबाणीत होता. पुन्हा ३ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानी विमानांनी आपले विमानतळ गाठले तेव्हा राष्ट्रपती गिरींनी दुसरी आणीबाणी जाहीर केली. १६ डिसेंबरला ढाका पडलं, युद्ध संपलं. ही आणीबाणीही राहिली. मृणालताई १९७२ मध्ये आमदार झाल्या, दुष्काळ आला, लाटणी वाजली, तरी ती होतीच. १९७४ च्या नोव्हेंबरात, ढाका पडून तीन वर्षं होत आली असताना, तिच्याच आधारे राष्ट्रपतींनी स्मगलरांसाठी कलम ३५९ खाली आदेश काढला. हाजी मस्तानसारखे लोक आत गेले म्हणून मुंबईकरांनी हळहळायचं काही कारण नव्हतं. पण पाकिस्तानसाठी उपसलेली तलवार गोदीतल्या सोन्याच्या बिस्किटांवर चालली, आणि फार कुणी भुवई उंचावली नाही. १९६२ ते १९७७ या साडेचौदा वर्षांपैकी साडेदहाच्या आसपास वर्षं भारत आणीबाणीत होता. आपण ‘आणीबाणी’ म्हणताना फक्त शेवटचे एकवीस महिने मोजतो.

तर, २५ जून १९७५. इंदिरा गांधींच्या निवडणुकीवरचा अलाहाबादचा निकाल १२ तारखेला लागला होता, आणि २५ च्या संध्याकाळी रामलीला मैदानावर जयप्रकाशांची सभा झाली होती. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री सिद्धार्थ शंकर राय यांना बरोबर घेऊन पंतप्रधान राष्ट्रपती भवनावर गेल्या. मग ‘अंतर्गत अशांततेमुळे’ देशाच्या सुरक्षेला तातडीचा धोका असल्याचं त्यांचं पत्र गेलं. मंत्रिमंडळाशी बोलायला आवडलं असतं, पण आज रात्री ते शक्य नाही, उद्या सकाळी पहिल्यांदा तेच करू, असा पत्राचा आशय. कामकाजाच्या नियमांत पंतप्रधानांना तशी पळवाट होती. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी मध्यरात्रीच्या सुमारास सही केली. मंत्रिमंडळ बसलं सकाळी सहाला, तोवर जयप्रकाश आणि मोरारजी पोलिसांच्या ताब्यात होते. १९६२ साली सह्याद्री म्हणून गेलेले यशवंतराव या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री होते.

राष्ट्रपतींना नकार देता आला असता का, यावर घटनातज्ज्ञ पुष्कळ वाद घालतात. माझ्या मते प्रश्न इतका अवघड नव्हता. नकार द्यायची गरज नव्हती. मंत्रिमंडळाचा ठराव कुठे आहे, एवढं विचारायचं होतं. सही सहा-सात तास लांबली असती. बाहेरच्या आक्रमणाची आणीबाणी आधीपासून लागू होतीच, सरकार निःशस्त्र नव्हतं. पण रात्रीत करायच्या अटकांच्या याद्या तयार होत्या, आणि सकाळपर्यंत थांबण्यात त्यांचीच अडचण होती. डिसेंबरात अबू अब्राहम यांचं व्यंगचित्र ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये आलं. त्यात राष्ट्रपती बाथटबमध्ये बसलेले, आणि दाराच्या फटीतून सही केलेला कागद बाहेर देत, आणखी वटहुकूम असतील तर जरा थांबायला सांगत आहेत. सेन्सॉरच्या तावडीतून ते सुटलं कसं याचं नवल वाटतं.

आता तो दुसरा कागद. २७ जूनला कलम ३५९ खाली राष्ट्रपतींचा नवा आदेश निघाला. कलम १४, २१ आणि २२ साठी कुणालाही कोर्टात जाता येणार नाही. या वेळी शेपटी नव्हती. ‘अमुक कायद्याखाली हक्क गेला असेल तर’ ही अटच काढून टाकलेली. संझगिरींची वही जिच्यामुळे बाहेर आली ती ओळ मसुदा लिहिणाऱ्याने बरोबर हेरली होती. दोन दिवसांनी विनाचौकशी स्थानबद्धतेचा मिसा कायदा दुरुस्त झाला, अटकेची कारणं सांगायचीही गरज उरली नाही. ऑगस्टमध्ये अडतिसावी घटनादुरुस्ती झाली आणि राष्ट्रपतींची ‘खात्री’ कुठल्याही कोर्टाला तपासता येणार नाही असं ठरलं. मिसाखाली देशभर पस्तीस हजारांच्या घरात माणसं डांबली गेली. भारत संरक्षण नियमांखालच्यांची संख्या त्याच्या दुप्पट भरेल.

मृणालताई भूमिगत झाल्या. ज्या बाईला गोरेगावच्या प्रत्येक चाळीत ओळखत होते तिने मुंबईत लपून राहायचं, ही गोष्ट सोपी नव्हती. काही महिने त्यांनी ते निभावलं, मग पकडल्या गेल्या. अकोल्याच्या तुरुंगात त्यांना एकांतवासात ठेवलं. जवळच्या कोठड्यांत एक कुष्ठरोगी कैदी आणि एक मनाचा तोल गेलेली, सतत ओरडणारी बाई. लाटण्याने थाळ्या वाजवणाऱ्या आमदार बाईपासून देशाला एवढा धोका होता! प्रमिला दंडवते येरवड्यात. मधू दंडवते संसदीय समितीच्या कामाला बंगळूरला गेले होते, तिथेच वाजपेयी, अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र यांच्यासह आत गेले.

दंडवत्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी कर्नाटक उच्च न्यायालयात अर्ज केला. तसेच अर्ज देशभर झाले. राष्ट्रपतींच्या आदेशाने हक्क मागता येत नसला, तरी अटक मिसाच्या अटींत बसते का, आकसाची आहे का, हे आम्ही बघू, असं नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं. त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ होतं. गजेंद्रगडकरांची फट त्यांनी अजून उघडी धरली होती. मुंबईत राम जेठमलानींच्या अटकेविरुद्ध उच्च न्यायालयाने मनाई दिली, नानी पालखीवाला आणि शेकडो वकील त्यांच्या बाजूने उभे राहिले. मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’वरची सेन्सॉरची कात्रीही याच न्यायालयाने अडवली. मुंबईच्या वकिली वर्तुळाला स्वतःचं कौतुक करून घ्यायची सवय आहे. या एका बाबतीत ते रास्त आहे.

सरकार या निकालांविरुद्ध दिल्लीला गेलं. पाच न्यायमूर्तींचं पीठ, समोर शांतिभूषण, सासवडचे व्ही. एम. तारकुंडे यांच्यासारखे वकील. न्या. हंसराज खन्ना यांनी अॅटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं, की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून माणूस मारला तरीही कोर्टात दाद नाही? आणीबाणी आहे तोवर नाही, असं उत्तर आलं. आपल्यालाही त्याचा धक्का बसतो, पण कायदा असाच आहे, अशी पुस्ती डे यांनी जोडली. कोर्टात शांतता झाली. उरलेल्या चार न्यायमूर्तींनी त्यावर पुढे काहीच विचारलं नाही.

२८ एप्रिल १९७६ ला निकाल लागला. चार विरुद्ध एक, सरकारच्या बाजूने. त्या चारांत पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. त्यांच्या निकालाचा गाभा त्या गायब शेपटीपाशीच आहे. १९६२ चा आदेश सशर्त होता, १९७५ चा बिनशर्त आहे, म्हणून माखनसिंग इथे लागू नाही. तर्क म्हणून त्यात चूक काढणं कठीण, आणि म्हणूनच तो वाचताना अंगावर येतो. एक अट गाळून राष्ट्रपती पस्तीस हजार लोकांच्या स्वातंत्र्याचा प्रश्न कोर्टाच्या आवाक्याबाहेर नेऊ शकतात, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. स्थानबद्धांना सरकार नीट वागवील अशी आशाही चंद्रचूडांनी व्यक्त केली. एकट्या खन्नांनी लिहिलं की जगण्याचा हक्क घटनेच्या आधीपासूनचा आहे, कलम २१ गोठवून तो गोठत नाही. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून मिर्झा हमीदुल्ला बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला. जेठमलानींची मनाई त्या निकालाबरोबर वाहून गेली, ते परदेशी गेले. चंद्रचूडांचा तो निकाल पुढे, ऑगस्ट २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवला, आणि तसं लिहिणारे न्यायमूर्ती होते त्यांचे चिरंजीव धनंजय.

न्यायालयाने नाही म्हटल्यावर उरली निवडणूक. फेब्रुवारी १९७७ मध्ये राष्ट्रपती अहमद वारले. मार्चमध्ये मतदान झालं आणि मुंबईच्या सहाही जागा काँग्रेसच्या हातून गेल्या. उत्तर मुंबईतून मृणाल गोरे, वायव्येतून जेठमलानी, उत्तर मध्यमधून अहिल्या रांगणेकर. मृणालताईंसाठी तेव्हा उपनगरभर घोषणा घुमली, ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’. २१ मार्चला अंतर्गत आणीबाणी उठली, आणि २७ ला १९७१ च्या युद्धाची. ढाका पडून तेव्हा सव्वापाच वर्षं झाली होती.

त्या लोकसभेत होशंगाबादहून निवडून आलेले हरि विष्णु कामतही होते, अठ्ठावीस वर्षांपूर्वी घटना समितीत ओरडणारे. कायदामंत्री होते शांतिभूषण, स्थानबद्धांचा तो खटला हरलेले. कैदेतून आलेली कितीतरी माणसं या लोकसभेत होती, आणि राष्ट्रपतींच्या युद्धकालीन अधिकारांच्या आजच्या मर्यादा त्यांनी लिहिल्या. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीचं कलम अन् कलम वाचताना त्यांना कुठे कुठे बोचलं होतं ते कळतं. ‘अंतर्गत अशांतता’ गेली, तिथे ‘सशस्त्र बंड’ आलं. मोर्चा, संप, लाटणी यांना आता सशस्त्र बंड ठरवणं अवघड. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी सही करायची नाही. त्या रात्रीचं उत्तर असं घटनेत शिरलं. महिन्याभरात दोन्ही सभागृहांची दोन-तृतीयांश मंजुरी हवी, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा. युद्ध संपूनही वर्षानुवर्षं आणीबाणी ओढायची सोय संपली. लोकसभेच्या एक-दशांश सदस्यांनी नोटीस दिली तर चौदा दिवसांत खास बैठक, आणि साध्या बहुमताने आणीबाणी रद्द. अडतिसाव्या दुरुस्तीतली ‘अंतिम खात्री’ काढून टाकली. कलम ३५९ च्या आदेशात २० आणि २१ या कलमांना हातच लावायचा नाही. मसुदा लिहिणारा कितीही हुशार असो, शेपटी जोडो वा काढो, जगण्याच्या हक्कासाठी कोर्टात जाण्याचा मार्ग आता बंद करता येत नाही. १९८८ मध्ये पंजाबपुरती यातून पळवाट काढणारी एकोणसाठावी दुरुस्ती झाली खरी, पण दोन वर्षांच्या आत ती परत घ्यावी लागली.

चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीतच एक तरतूद शांतताकाळासाठी होती. कारण विनाचौकशी डांबायला आणीबाणी लागतेच असं नाही, कलम २२ त्याला एरवीही मुभा देतं. स्थानबद्धाला सल्लागार मंडळापुढे न नेता तीन महिने ठेवता येतं, ते दोन महिने करायचे, आणि मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमायचं, असं तिच्या तिसऱ्या कलमात ठरलं. संसदेने मंजूर केलं, राष्ट्रपतींनी संमती दिली. फक्त कुठली तरतूद केव्हा लागू करायची ते केंद्र सरकारने अधिसूचना काढून ठरवायचं होतं. बाकीच्या तरतुदी १९७९ मध्ये लागू झाल्या, ही मागे राहिली. जनता सरकार पडलं, मिसाच्या जागी १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला, आणि धनबादचे खासदार ए. के. रॉय सर्वोच्च न्यायालयात गेले, की निदान ही तरतूद लागू करायचा आदेश सरकारला द्या. डिसेंबर १९८१ मध्ये सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी निकाल दिला. तारीख ठरवणं संसदेने सरकारवर सोपवलं आहे, कोर्ट त्यासाठी आदेश देऊ शकत नाही. मृणालताई २०१२ च्या जुलैत गेल्या, तोवर ती अधिसूचना निघाली नव्हती. अजूनही निघालेली नाही.